२^प − १ मूळ आहे का? लुकास–लेमर चाचणी कागदावर कशी करावी

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ (^ म्हणजे घात) ४,१०,२४,३२० अंकी आहे. एवढ्या संख्येचे विभाजक शोधत बसणे अशक्यच. पण ‘दोनाचा घात वजा एक’ अशा मर्सेन संख्यांसाठी वेगळी चाचणी आहे, आणि ती शिकायला १२७ म्हणजे २^७ − १ पुरे.

१. घातांक प मूळ आहे ना, ते आधी बघा. तो संयुक्त असेल तर २^प − १ संयुक्तच. उलट मात्र खरे नाही: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

२. छोटे विभाजक चाळा. प विषम असेल तर विभाजक २कप + १ (क म्हणजे १, २, ३… यांपैकी कोणतीही संख्या) याच रूपाचा असतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. २०४७ साठी पहिलाच उमेदवार २३, आणि तोच लागू पडतो.

३. आता ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी ठेवा. हे प − २ वेळा करा. शेवटी ० आले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी पाच फेऱ्या:

४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०

सुरुवातीचा ४ फेरीत मोजायचा नाही. २०४७ साठी नवव्या फेरीनंतर १७३६ उरतात.

खरी गंमत बाकी काढण्यात आहे. १२७ ऐवजी १२८ ने भागा, मग भागाकार आणि बाकी यांची बेरीज करा: ६७² − २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ३५ + ७ = ४२. संगणकाला १२८ ने भागणे म्हणजे नुसते बिट सरकवणे, म्हणूनच कोट्यवधी अंकांवरही ही चाचणी चालते. बेरीज १२७ च्या वर गेली तर तीच कृती पुन्हा करा. शेवटच्या फेरीत १२३१९ = ९६ × १२८ + ३१, बेरीज नेमकी १२७; ती ० धरायची. प्रोग्राममध्ये ही अट घालायची राहून गेली तर मूळ संख्या संयुक्त ठरते.

एक्सेल १५ अंकांपुढचे जपत नाही. त्यामुळे प २३ पर्यंत ठीक, २९ पासून उत्तर गुपचूप चुकते. तिथे पायथन ही संगणकभाषा वापरा. एका फेरीत एक अंक चुकला की पुढचे सगळे वाया जाते.

चाचणी ‘संयुक्त’ म्हणाली तरी विभाजक सांगत नाही. २^६७ − १ संयुक्त असल्याचे फ्रेंच गणिती लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले. १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हे गुणक अमेरिकन गणिती कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.

अंक मोजायचे तर प ला ०.३०१०२९९९५७ ने गुणा, अपूर्णांक सोडा, १ मिळवा. नेहमीचे ०.३०१०३ घेतले तर अगदी सुरुवातीच्या २^१३६२७९८४१ − १ या संख्येला एक अंक जास्त येतो.