बंद उपकरणाचं बिल कसं काढायचं

मी वायरिंगची कामं करतो. नवं उपकरण घेणाऱ्याला माझा पहिला प्रश्न: बंद असताना ते किती वॅट खातं? रिमोटने बंद केलेल्या टीव्हीला, सेट-टॉप बॉक्सला वीज लागतच असते. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर आणा, उपकरण बंद असतानाचा आकडा वाचा, ८.७६ ने गुणा (वर्षाचे ८७६० तास भागिले १०००). वर्षाचे युनिट मिळतील. १० वॅट असतील तर ८७.६ युनिट, तेही नुसतं बसून! युनिटांना विजेच्या दराने गुणलं की रुपये निघतात. हा दर टप्प्यांचा असेल तर तुमचा सर्वात वरचा टप्पा धरा, कारण बचत तिथूनच होते. मग भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा. रिकाम्या चार्जरमागे लागू नका, तिथे फारसं सापडत नाही. इंकजेट प्रिंटर मात्र आधी त्याच्याच बटणाने बंद करा, नाहीतर शाई सोडणारं हेड उघडं राहून शाई सुकते.