चार्ट सेव्ह करताना या चुका टाळा, फाईल उगाच फुगणार नाही

चार्ट सेव्ह करायचा म्हटलं की बरेच जण डोळे झाकून जेपीजी निवडतात, का तर म्हणे 'जेपीजी छोटी असते'. फोटोपुरतं खरंय ते, पण चार्टमधे असतं काय, पांढरं बॅकग्राऊंड, चार-पाच रंग, रेघा आणि आकडे. जेपीजी इमेजचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून कॉम्प्रेस करतं आणि जिथे पांढऱ्यावर एकदम काळी रेघ येते तिथेच गडबडतं. झूम करून बघा, ॲक्सिसवरच्या आकड्यांभोवती राखाडी कचरा दिसेल, बारीक लाल रेघ कडेला पसरलेली दिसेल, आणि एवढं सगळं सोसून साध्या चार्टची फाईल बऱ्याचदा पीएनजी या दुसऱ्या इमेज फॉरमॅटपेक्षा मोठीच निघते. पीएनजीला एकाच रंगाचे सलग पिक्सेल मिळाले की ते मस्त दाबून बसवतं, तेही काही न गमावता.

अशी खराब झालेली जेपीजी नंतर पीएनजीत कन्व्हर्ट करून काही सुधारत नाही हां. पीएनजी तो कचरासुद्धा इमानदारीत जपून ठेवतं, त्यामुळे साईज उलट वाढते. मूळ चार्टच परत एक्सपोर्ट करा.

पीएनजी घेऊनही फाईल मोठी येतेय? डीपीआय, म्हणजे दर इंचाला किती पिक्सेल, ते बघा. ८ बाय ५ इंचाचा चार्ट ३०० डीपीआयला २४०० बाय १५०० पिक्सेल होतो, ६०० केलं की पिक्सेल थेट चौपट. नुसता स्क्रीनवर बघायचा असेल तर १५० बास. रंग कमी असतील तर पीएनजीक्वांटसारख्या टूलने २५६ रंगांवर आणा, साईज चांगलीच उतरते, फक्त हीटमॅपला (आकडे रंगांच्या छटांनी दाखवणारा चार्ट) जपून, तिथे शेड्समधे पट्टे दिसू शकतात.

आता एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा-आकारांचं वर्णन साठवणारा (व्हेक्टर) फॉरमॅट. लाईन चार्ट, बार चार्ट असेल तर झकास, कितीही झूम करा, रेघ फाटत नाही. पण ५०,००० ठिपक्यांचा स्कॅटर प्लॉट एसव्हीजीत टाकलात तर प्रत्येक ठिपक्याची वेगळी नोंद फाईलमधे होते, मग फाईल अनेक एमबीची आणि ब्राउझर लटकतो, आणि लोक वैतागून एसव्हीजीलाच नावं ठेवतात. तिथे सरळ पीएनजी घ्या. एसव्हीजीच हवं असेल आणि मॅटप्लॉटलिब (पायथनमधलं चार्ट काढायचं टूल) वापरत असाल तर ठिपक्यांना 'रास्टराइज्ड' ट्रू करा, मग फक्त ठिपक्यांची पिक्सेलवाली इमेज बनते, अक्षरं आणि ॲक्सिस व्हेक्टरच राहतात.