टक्क्यांच्या आधी टोटल बघा

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात पडला की लोक ठळक छापलेला आकडा शोधतात आणि तिथेच घाबरतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये परत आला. लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ५६ टक्के! रात्रभर मोबाइल चाळून तो कॅन्सरपर्यंत पोचला होता. मी त्याच्यापुढे कॅल्क्युलेटर सरकवला.

पहिलं काम तेच. टोटल काउंट, म्हणजे दर मायक्रोलिटर रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या माणसाचा साधारण ४,००० ते ११,००० असतो. त्या बाईंचा होता ३,२००. त्याचे ५६ टक्के म्हणजे १,७९२. लिम्फोसाइट वाढलेल्या नव्हत्याच. घटल्या होत्या त्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३८ टक्के म्हणजे १,२१६. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटही कमी, ९२,०००. डेंग्यूत विषाणूमुळे अस्थिमज्जेचं, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडांतल्या गराचं, काम काही दिवस मंदावतं, आणि असे रिपोर्ट आम्ही पावसाळाभर बघतो. एनएस१ ही डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आलीच.

गळवाचं उलट. मांडीला गळू झालेल्या एका ऊसतोड कामगाराचा टोटल १८,४००, त्यात ८६ टक्के पॉली. न्यूट्रोफिलला आम्ही लॅबवाले पॉलीच म्हणतो. जंतू शिरले की तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, ते गिळायला लागतात आणि सोबत टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असे रासायनिक निरोप सोडतात. त्या निरोपांनी जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांची आतली भिंत चिकट होते. वाहत्या पॉली तिथे अडखळतात, गडगडत जातात, थांबतात आणि फटीतून बाहेर पडतात. पू म्हणजे बऱ्याचशा याच, मेलेल्या. निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप येतो, यकृतापर्यंत गेला की सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनतं. त्याला चढायला सहा-आठ तास लागतात, तेव्हा ताप आल्या आल्या केलेली सीआरपी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका.

असा काउंट आला की मी मशीनवर विसंबत नाही, काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून स्लाइड ओढते. लिशमनचा रंग चढवून तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की तयार पॉलीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं दिसतं. या स्लाइडवर मात्र बऱ्याच पेशींचं केंद्रक अखंड, घोड्याच्या नालेसारखं वळलेलं. हे बँड. मागणी एवढी होती की मज्जेने कच्ची पोरंच धाडली. रिपोर्टच्या तळाशी ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिलेलं असतं ते हेच. ती ओळ कुणी वाचत नाही. मला विचाराल तर सगळ्या आकड्यांपेक्षा तीच बोलकी.

तपासणीसाठी रक्त द्यायला याल तेव्हा स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा. वाहिन्यांच्या भिंतीला टेकून बसलेल्या पॉली त्याने सुटून प्रवाहात येतात आणि जंतू नसतानाही काउंट चढतो. एका आजींचा असाच १५,००० आला, दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा टोचावं लागलं. गोळ्यांचं बोलला का नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, “दम्याचं विचारलंस कुठं तू?”

खरंच नव्हतं विचारलं.