पिकअपच्या हौद्याचा गंज: रंगाचा डबा उघडण्याआधी पाणी शोधा

हौद्यातला गंज वरवर घासून रंग मारला, तर काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फुगवटा येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो रंगाला आतून उचलतो आणि त्या फटीतून पाणी आणखी आत जातं. म्हणून आधी पाणी कुठे साचतं ते शोधायचं, घासकाम नंतर.

पाहणी

हौदा रिकामा करा. रबरी मॅट आणि प्लास्टिकचा लायनरही काढा, कारण सगळ्यात वाईट गंज बहुतेक वेळा त्यांच्याखालीच लपलेला असतो. धुऊन झालं की बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. पुढच्या भिंतीचा खालचा सांधा, चाकावरच्या उंचवट्याची कड, बोल्टची डोकी आणि फाळक्याची खालची पट्टी या नेहमीच्या जागा. निचऱ्याची भोकं मातीने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. मग टॉर्च घेऊन तळ खालूनही तपासा.

आता पेचकसाच्या टोकाने प्रत्येक फुगवटा दाबून बघा. रंगाची खपली उडाली आणि खाली टणक, तपकिरी पत्रा लागला, तर काम घरी होण्यासारखं आहे. पापुद्रे सुटत असतील तर घट्ट पत्रा लागेपर्यंत खरवडा. टोक आरपार गेलं, तर तिथला कुजका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच खरा उपाय. भोकावर पुट्टी थापू नका. ती पाणी शोषते, आणि वजन पडलं की तडकते. चासीला जिथे हौदा बसतो तिथेच पत्रा कुजला असेल, तर गाडी जाणकार वेल्डरकडेच न्या.

घासकाम

चष्मा, मास्क आणि हातमोजे घाला. बऱ्याच पिकअपमध्ये इंधनाची टाकी आणि नळ्या हौद्याच्या खालीच असतात. ग्राइंडरच्या ठिणग्या तिकडे जाणार नाहीत याची आधी खात्री करा. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीही सोडवा.

सुटा गंज वायर ब्रशने काढा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. गंजाच्या डागाभोवती दोन-तीन बोटं चांगला रंगही घासायचा, कारण गंज त्याच्याखाली सरकलेला असतो. शेवटी १८० नंबरने रंगाची कड इतकी उतरती करा की बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही.

बारीक खड्ड्यांतला गंज पेपरने निघत नाही. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. टॅनिक आम्लाचा असेल तर तो गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलतो. मात्र सुट्या पापुद्र्यांवर त्याचा उपयोग नाही.

प्रायमर आणि रंग

थिनरने पुसून तेलकटपणा काढा, पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्या आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतच पुन्हा तांबूस झाक चढते. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. दोन थरांमधला वेळ डब्यावर लिहिलेलाच पाळा. प्रायमर वाळला की सांध्यांत सीम सीलर भरा, निचऱ्याची भोकं सोडून. मग रंग. हौद्यात सामान घासत, आपटत असेल तर रंगाऐवजी फवाऱ्याने मारायचा पॉलियुरेथेन लायनर जास्त टिकतो. पण त्याखाली गंज राहिला असेल, तर तो नजरेआड वाढत जातो.

पुढची काळजी

खालच्या बाजूने सांध्यांत आणि पोकळ पट्ट्यांत मेणाचा फवारा मारा. रंग पोहोचत नाही तिथे हे मेण झिरपतं. मीठ, खत किंवा ओली वाळू वाहिली असेल तर हौदा त्याच दिवशी धुवा, कारण क्षारांमुळे गंज फार वेगाने पसरतो. धुतल्यावर फाळका उघडा ठेवून गाडी थोड्या उतारावर उभी करा. मॅट अधूनमधून उचलून खालचा पत्रा वाळू द्या. ओरखडा खोल जाऊन पत्रा दिसला, तर तेवढ्या जागेला लगेच प्रायमर आणि रंग लावा.