तापाचा दिवस आणि प्रतिपिंडाचा वर्ग : आयजीएम-आयजीजीचा रिपोर्ट कसा वाचावा

पावसाळ्यात ठाण्यात कोणाला ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डेंगीची तपासणी होते आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर रिपोर्ट येतो. त्यात एनएस-१, आयजीएम आणि आयजीजी अशा तीन ओळी असतात. 'निगेटिव्ह' वाचून घर निर्धास्त होते, 'पॉझिटिव्ह' वाचून हादरते, आणि बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी घाईने होतात. गेल्या पावसाळ्यात कोपरीतील आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांनी तापाच्या दुसऱ्याच दिवशी केवळ आयजीएमची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली आणि 'डेंगी नाही' असे ठरवून ते कामावर रुजूही झाले. तो रिपोर्ट चुकीचा नव्हता; त्याला विचारलेला प्रश्नच वेळेआधी विचारला गेला होता. म्हणून असा कागद हातात आला की निकालाकडे जाण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यात पेनाने लिहावे, की रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले. त्यानंतर प्रतिपिंडाचा, म्हणजे रोगजंतूंना पकडण्यासाठी शरीर बनवते त्या प्रथिनाचा, वर्ग पाहावा; आयजीएम आणि आयजीजी हे असेच दोन वर्ग. हा क्रम का धरायचा, हे समजण्यासाठी प्रतिपिंडाची रचना माहीत हवी.

कोऱ्या कागदावर एक बेचकी काढा. प्रतिपिंड हे प्रथिन साधारण तसेच दिसते: खाली मूठ आणि वर दोन फाटे. त्यात चार साखळ्या असतात. दोन लांब साखळ्या मुठीपासून फाट्यांच्या टोकापर्यंत जातात, त्यांना जड साखळ्या म्हणतात. दोन आखूड साखळ्या फक्त फाट्यांना लागून असतात, त्या हलक्या साखळ्या. गंधकाच्या अणूंमधील बंध त्यांना एकत्र धरतात. आयजीजीमधील जड साखळीचे वजन सुमारे ५०,००० डाल्टन (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) आणि हलकीचे सुमारे २५,००० डाल्टन असते, म्हणजे संपूर्ण रेणू सुमारे १,५०,००० डाल्टनचा होतो. मूठ आणि फाटे जिथे मिळतात तिथे एक लवचीक बिजागरी असते, त्यामुळे दोन्ही फाटे कमी-अधिक उघडू शकतात.

ही रचना उलगडण्याचे श्रेय रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना जाते. १९७२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. पोर्टर यांनी पपईच्या चिकातील पपेन या विकराने रेणू कापला, तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले: दोन सुटे फाटे आणि एक मूठ. पेप्सिन मात्र बिजागरीच्या किंचित खाली कापते, त्यामुळे दोन्ही फाटे जोडलेलेच राहतात. हा केवळ प्रयोगशाळेतला तपशील नाही. ठाण्याहून धीम्या लोकलने परळला उतरले की जवळच हाफकिन संस्था आहे, आणि तिचे नाव सर्पदंशावरील औषधाशी जुने जोडलेले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे काढतात, आणि भारतात मिळणाऱ्या या औषधात पेप्सिनने मूठ कापून जोडफाटेच ठेवलेले असतात. विष पकडण्याचे काम फाटे करतातच, आणि घोड्याच्या प्रथिनाचा तेवढा भाग कमी झाल्याने माणसाच्या शरीराची उलट प्रतिक्रियाही कमी होते. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना घोणस काही अपरिचित नाही, त्यामुळे हे ठाऊक असलेले बरे.

आता चित्रातील फाट्यांची टोके गडद करा. प्रत्येक साखळीच्या टोकाकडील सुमारे ११० अमिनो आम्लांचा भाग प्रतिपिंडागणिक बदलतो, आणि त्यातही जड साखळीचे तीन व हलकीचे तीन वेटोळे मिळून प्रतिजनाला, म्हणजे ज्याला पकडायचे त्या परक्या पदार्थाला, धरणारी खाच बनवतात. मोजक्या जनुकांतून इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या खाचा कशा घडतात, याचे उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी दिले: बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जाऊन नव्याने जोडले जातात. या शोधासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले.

टोक ठरवते की कोणाला पकडायचे. पकडल्यावर पुढे काय करायचे, ते मूठ ठरवते. मुठीच्या प्रकारावरूनच प्रतिपिंडांचे पाच वर्ग पडतात: जी, ए, एम, डी आणि ई (रिपोर्टमध्ये या अक्षरांआधी 'आयजी' असते). शरीरात नवा विषाणू शिरला की त्याला ओळखणारी बी पेशी प्रथम एम वर्गाचे प्रतिपिंड बनवते. पुढे टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या मदतीने तीच पेशी, टोकाची खाच कायम ठेवून, मूठ बदलते आणि जी, ए किंवा ई वर्गाचे प्रतिपिंड बनवू लागते. रिपोर्टमधील वर्ग काळ सांगतो, तो यामुळे.

आयजीएममध्ये पाच बेचक्या मुठींनी एकत्र बांधलेल्या असतात, म्हणजे पकडणारी टोके दहा. प्रत्येक टोकाची पकड सुरुवातीला सैल असते, परंतु दहा सैल हात मिळून घट्ट धरतात, आणि रक्तातील पूरक प्रथिनांची, म्हणजे जंतू नष्ट करण्यास हातभार लावणाऱ्या प्रथिनांची, साखळी चालू करण्यास असा एक रेणूही पुरतो. आयजीजी एकेरी आणि आकाराने लहान असल्याने ऊतींमध्ये सहज शिरते. रक्तातील प्रतिपिंडांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच वर्गाची असतात आणि ती टिकतातही अधिक: त्यांचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण तीन आठवडे लागतात. ती विषाणूला झाकून पेशीत शिरू देत नाहीत, आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना धरता यावे म्हणून मूठ पुढे करतात. आयजीए लाळेत, अश्रूंत, आतड्याच्या अस्तरावर आणि बाळंतिणीच्या पहिल्या चिकात असते. शरीर रोज सर्वांत जास्त बनवते ते हेच, पण रक्ताच्या रिपोर्टवरून तसे वाटत नाही. आयजीडी मुख्यतः नव्या बी पेशींच्या पृष्ठभागावर असते. नेहमीच्या तपासणीत ते भेटत नाही.

आता रिपोर्टकडे वळू. एनएस-१ हे प्रतिपिंड नव्हे; ते विषाणूचेच प्रथिन आहे, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत तेच विचारावे. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते आणि दोन-तीन महिने रेंगाळू शकते. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावा: दुसऱ्या दिवशीचे निगेटिव्ह काहीच सिद्ध करत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत आलेल्या तापात पॉझिटिव्ह दिसणारे आयजीएम कदाचित आषाढातल्या संसर्गाचे असू शकते. आयजीजी पहिल्या संसर्गात उशिरा येते आणि वर्षानुवर्षे राहते, म्हणून एकटे आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुधा ती जुनी नोंद समजावी. मात्र तापाच्या आरंभीच आयजीजी पुष्कळ वाढलेले असेल तर हा दुसऱ्यांदा झालेला संसर्ग असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी आयजीएम क्षीण किंवा अदृश्यही असू शकते. हे डॉक्टरांच्या नजरेस अवश्य आणावे, कारण डेंगीच्या चार प्रकारांपैकी एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अडवण्याऐवजी कधी कधी पेशीत शिरण्यास वाट करून देतात.

तपासणी झटपट निकालाच्या कार्डावर केली की एलायझा या प्रयोगशाळेत प्रतिपिंडे मोजण्याच्या पद्धतीने, हेही पाहावे. कार्ड लवकर निकाल देते, पण भरवसा एलायझावर अधिक. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आयजीएम एलायझाचे किट तयार करून सरकारी प्रयोगशाळांना पुरवते. शंका उरल्यास सुमारे दोन आठवड्यांनी दुसरे सॅम्पल द्यावे. दोन सॅम्पलमध्ये आयजीजीची पातळी चौपट वाढली असेल, तर संसर्ग अलीकडचा असतो.

हीच रीत डेंगीपलीकडेही चालते. आयजीजी वार ओलांडून बाळाकडे जाते, आयजीएम जात नाही. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तातील आयजीजी आईकडून आलेले असू शकते, परंतु आयजीएम आढळले तर ते बाळाने स्वतः बनवलेले, म्हणजे संसर्ग बाळापर्यंत पोहोचल्याची खूण. ए आणि बी रक्तगटांविरुद्धची प्रतिपिंडे प्रामुख्याने आयजीएम असल्याने पोटातल्या बाळाला सहसा फारशी इजा होत नाही. आरएच निगेटिव्ह आईमध्ये बाळाच्या आरएच घटकाविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे मात्र आयजीजी असतात, ती वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात, आणि अँटी-डीचे इंजेक्शन ते टाळण्यासाठीच देतात. एकूण आयजीई वाढलेले दिसले तर लगेच ॲलर्जी म्हणू नये, कारण जंतांमुळेही ते वाढते. कशाची ॲलर्जी आहे, ते त्या पदार्थाविरुद्धचे वेगळे आयजीई मोजून आणि लक्षणांशी ताडून पाहावे लागते.

प्रतिपिंडाचा आकडा मोठा म्हणून डेंगी तीव्र, असे मात्र नसते. तीव्रता कळते ती प्लेटलेट, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), रक्तदाब आणि लघवीच्या प्रमाणावरून. ताप उतरू लागतो त्या एक-दोन दिवसांत पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती जाणवली, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.