ग्वाल्हेर एका दिवसात पाहताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ भागातल्या आमच्या घरी दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून नातेवाईक येतात आणि बहुतेकांचा बेत एका दिवसात ग्वाल्हेर पाहून पुढे आग्र्याला जाण्याचा असतो. एक दिवस पुरतो. मात्र सकाळी महाराज बाड्यावर खरेदी, मग राणी लक्ष्मीबाईंची समाधी, त्यानंतर जयविलास महाल आणि भर दुपारी किल्ला, ही नेहमीची आखणीच दिवस बिघडवते, कारण किल्ल्याच्या लांबलचक पठारावर सावली फार थोडी आहे आणि मुले व आजी-आजोबा उन्हाने थकले की सगळे कुटुंब मान मंदिर हा किल्ल्यावरचा राजवाडा तेवढा पाहून माघारी वळते. किल्ला सकाळी उघडताच गाठावा. समाधी आणि महाल दुपारी निवांत पाहता येतात.

त्याहून मला जास्त खटकणारी चूक आहे ती वाटेची. गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जाते आणि लोक त्याच रस्त्याने खाली येतात. वर जाताना कड्यात कोरलेल्या, 15 व्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती दिसतात, त्यांसाठी अवश्य थांबावे. पण उतरताना ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी पूर्वेच्या हाथी पोलातून पायी उतरावे. ही उतरण तीव्र आहे, म्हणून चांगली पकड असलेली पादत्राणे हवीत. याच वाटेवर अखंड कातळात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. 876 च्या शिलालेखात देवळाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या फुलांच्या माळा 50 अशी नोंद आहे, आणि त्या आकड्यांतले शून्य आज आपण लिहितो तसेच गोल आहे. शाळकरी मुलांना हे आधी सांगून ठेवले तर ती स्वतःच ते शून्य शोधू लागतात. एवढी मोलाची गोष्ट हाकेच्या अंतरावर राहून सुटावी, याची मला दरवेळी हळहळ वाटते.

पायथ्याशी गुजरी महालात पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका, म्हणजे दगडात कोरलेली स्त्रीमूर्ती, तिथेच आहे. मात्र सोमवारी ते बंद असते, तेव्हा वार पाहूनच बेत ठरवावा. पायी उतरणार असाल तर गाडी पूर्वेच्या पायथ्याशी आणून ठेवायला चालकाला वर असतानाच ‘ग्वाल्हेर दरवाजा’ असे नाव घेऊन सांगावे. एकदा आम्ही हे विसरलो, गाडी उरवाईलाच थांबली आणि काकूंना खाली तासभर ताटकळावे लागले.

सास-बहू मंदिरापाशी मुलांना सासू-सुनेची गोष्ट सांगण्याचा मोह आवरावा. मूळ नाव सहस्रबाहू, म्हणजे विष्णू, असे मानले जाते, आणि कच्छपघात राजा महीपालाच्या काळात 1093 मध्ये ते पूर्ण झाले. मान मंदिराच्या तळघरातले जिने अरुंद आणि अंधारे आहेत. वृद्धांना तिथे उतरवू नये. किल्ल्यावर भूक लागली आणि सोबतचा डबा संपला असेल, तर गुरू हरगोविंदांच्या स्मृतीतल्या दाता बंदी छोड गुरुद्वारात डोके झाकून, पंगतीत बसून लंगरचा प्रसाद घ्यावा.

संध्याकाळी शहरातल्या हजिरा भागात तानसेनांच्या समाधीला जाताना एक गल्लत हमखास होते. समोरची दगडी जाळ्यांची, घुमटाची भव्य वास्तू पाहून लोक तिलाच नमस्कार करतात आणि छायाचित्रे काढून परततात. ती सूफी संत मुहम्मद गौस यांची कबर आहे. तानसेनांची समाधी तिच्याच आवारात, खुल्या खांबांच्या साध्या चौथऱ्यावर आहे आणि तिच्याजवळ चिंचेचे झाड आहे, ज्याची पाने चघळल्याने गळा गोड होतो अशी गायकांची श्रद्धा आहे.