नांगरासाठी विंडलास निवडताना

आमच्या शिडाच्या बोटीवरचा जुना विंडलास (नांगर साखळीसकट वर ओढणारे विजेचे यंत्र) साखळी ओढताना अडू लागला, तेव्हा नवा निवडताना मी बोटीच्या लांबीपेक्षा वजनाचा हिशेब धरला. 8 मिमी साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो भरते, म्हणजे 50 मीटरचे 70 किलो आणि नांगराचे 16. या बेरजेच्या तिप्पट, साधारण 260 किलो, ओढ असणारे यंत्र घ्यावे असा संकेत आहे. विंडलासच्या चाकाच्या खाचा साखळीच्या कड्यांशी तंतोतंत जुळायलाच हव्यात. खरी मेख मात्र केबलमध्ये होती: बॅटरी पिछाडीला असल्याने 12 व्होल्टचा दाब नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या विंडलासपर्यंत, पोहोचेतो घटत होता, म्हणून जाड केबल आणि योग्य ब्रेकर बसवला. चिखलात रुतलेला नांगर मी आता इंजिनाच्या जोरावर सोडवतो. ते विंडलासचे काम नव्हेच.